सिंक बंद करू का? आधी अस्सल कुठे आहे ते पाहा

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी गूगल फोटोज उघडा आणि त्यातलं 'बिन' शोधा, काही फोनवर त्याला 'ट्रॅश' म्हणतात. बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की तिथे ६० दिवस पडून असतो. तुमचे तीन आठवडे गेलेत, म्हणजे वेळ आहे, पण पुढच्या रविवारी बघू म्हणण्याइतकी नाही. लेकीच्या बारशाचे फोटो दिसले की निवडून 'रिस्टोअर' करा. ते झालं की चहा ठेवा आणि मग पुढचं वाचा.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. ताईंनी नवा फोन घेतला आणि जुना सासूबाईंना दिला. सासूबाईंच्या फोनवर सारखं 'स्टोरेज फुल' येत होतं, म्हणून त्यांनी जुने फोटो काढून टाकले. तर तेच फोटो ताईंच्या नव्या फोनमधूनही गेले. शिवाय कॉन्टॅक्टमध्ये प्रत्येक नाव दोनदा-तीनदा दिसतंय, आणि मध्येच 'भजनी मंडळ शालन' अशी ओळखीची नसलेली नावं उगवली आहेत. ताई विचारतात, "सिंक कायमचं बंद करून टाकू का?" शेवटी त्यांनी हातातलं घड्याळ नव्या फोनला कसं जोडायचं, हेही विचारलंय.

साताऱ्यात अठरा वर्षं मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतोय. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी काउंटरवर येतो, फक्त कधी सासूबाईंच्या जागी धाकटा भाऊ असतो. सिंक बंद करणं हा यावरचा उपाय नाही. तुमच्या घरात एक अकाउंट दोन माणसं वापरतायत आणि ते दोघींनाही माहीत नाही, दुखणं ते आहे. त्याच्या खाली आणखी एक गोष्ट आहे, ती आधी सांगतो, कारण ती कळली की सेटिंग कुठे आहे हे तुमचं तुम्हालाच सापडेल.

जमिनीच्या कागदांत आपण अस्सल आणि नक्कल म्हणतो ना, तसं फोनमधल्या प्रत्येक गोष्टीबद्दल विचारायचं: याची अस्सल प्रत कुठे आहे? फोनमध्ये, सिमवर, की गूगलच्या कपाटात? बॅकअप म्हणजे नक्कल काढून बाजूला ठेवणं. अस्सल फाटली तरी नक्कल आपल्या जागी राहते. सिंकमध्ये तसं नसतं. तिथे सगळीकडे एकच अस्सल दिसते, आणि कुणीही कुठूनही त्यावर खाडाखोड केली की ती सगळीकडे होते. भर पडली तर सगळीकडे पडते, चूक झाली तर तीही.

तुमच्या फोटोंचं नेमकं काय झालं असेल ते सांगतो. बारशाचे फोटो जुन्या फोनवर काढलेले. नव्या फोनवर तुम्ही त्याच अकाउंटने शिरलात आणि गूगल फोटोजमध्ये सगळे फोटो दिसायला लागले. तुम्हाला वाटलं, दुकानदाराने फोटो 'टाकून' दिले. खरं तर नव्या फोनमध्ये ते फोटो कधी आलेच नव्हते, फक्त दिसत होते. अस्सल गूगलकडे होती आणि एक प्रत जुन्या फोनमध्ये. सासूबाईंनी गूगल फोटोज अ‍ॅपमधूनच डिलीट केलं, आणि त्या अ‍ॅपमधलं डिलीट हे फोन आणि क्लाउड, म्हणजे ते गूगलचं कपाट, दोन्हीकडचं असतं. अस्सल गेली म्हटल्यावर तुमच्याकडे दिसणार काय? त्यांना खरं म्हणजे त्याच अ‍ॅपमधलं 'जागा मोकळी करा' हे बटण हवं होतं. ते फक्त बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत काढतं, क्लाउडमधल्या प्रतीला हात लावत नाही. दोन्ही बटणं दिसायला निरुपद्रवी आणि कामाला अगदी उलटी. सासूबाईंना बोल लावू नका, दुकानात इंजिनीअर पोरंही यात फसताना पाहिली आहेत.

काही गोष्टी तुमच्या फोनवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. सासूबाईंनी कंपनीच्या गॅलरी अ‍ॅपमधून डिलीट केलं असतं तर बहुतेक वेळा क्लाउडमधली प्रत वाचली असती. पण काही कंपन्यांची गॅलरी स्वतःच दुसऱ्या एखाद्या क्लाउडशी जोडलेली असते, तिथे हाही भरवसा नाही. फोटोंचा बॅकअप मुळात झालाच नसेल तर ६० दिवसांचा हिशोब लागू नाही, तिथे बिनमध्ये ३० दिवसच मिळतात आणि तेही त्याच फोनवर, म्हणजे सासूबाईंच्या. आयफोन असेल तर 'रीसेंटली डिलीटेड' नावाचा अल्बम बघायचा, तिथेही ३० दिवस. एकूण काय, बिनमध्ये काही दिसलं नाही तर जुना फोन हातात घेऊन तिथली गॅलरीही तपासा, मगच आशा सोडा.

आता कॉन्टॅक्ट. इथे जरा रेंगाळतो, कारण फोटो गेले की माणूस रडतो आणि नंबर गेले की धंदा थांबतो.

अँड्रॉइड फोनमध्ये नंबर तीन ठिकाणी राहू शकतो: सिमवर, फोनच्या मेमरीत किंवा गूगल अकाउंटमध्ये. फोनची यादी मात्र तिन्हींची खिचडी करून दाखवते. तुम्ही नवा फोन घेतलात तेव्हा बहुधा असं झालं असणार: दुकानातल्या पोराने सिम घातलं, सिमवरचे नंबर आले. मग जुन्या फोनमधून एक फाइल काढून नव्या फोनमध्ये ओतली, ते आणखी एकदा आले. मग तुमचं अकाउंट टाकलं, सिंक चालू झालं आणि तिसऱ्यांदा आले. पोराचं चुकलं असं नाही. गिऱ्हाईक उभं असतं, 'सगळे नंबर आले का' एवढंच विचारतं, आणि जास्त आले म्हणून कुणी तक्रार करत नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

'भजनी मंडळ शालन' कुठून आल्या, ते आता कळलं असेल. सासूबाईंनी त्यांच्या फोनवर नवा नंबर सेव्ह केला, फोनवर अकाउंट तुमचं, म्हणून तो तुमच्या खात्यात जमा झाला. याची दुसरी बाजूही आहे. तुम्ही 'या कोण' म्हणून शालनबाईंना डिलीट केलं असेल, तर सासूबाईंचा एक नंबर त्यांच्याही फोनमधून गेला.

साफसफाई अशी करा. कॉम्प्युटरवर किंवा निदान मोठ्या स्क्रीनवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा. पहिलं काम म्हणजे 'एक्सपोर्ट' करून सगळी यादी फाइलमध्ये उतरवून घ्या आणि ती फाइल स्वतःला मेल करा किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. त्याच्याशिवाय पुढे जायचं नाही. मग 'मर्ज अँड फिक्स' मध्ये दुहेरी नावं एकत्र करण्याचे पर्याय मिळतील. ते बहुतेक काम करेल, सगळं नाही. एकच माणूस एकदा देवनागरीत, एकदा इंग्रजी अक्षरांत आणि त्यात निरनिराळ्या नंबरांनी ठेवलेला असेल तर ते यंत्राला कळणार नाही. कुठे शून्य लावून, कुठे +९१ लावून ठेवलेले नंबरही डोळ्यांखालून घाला. त्यासाठी एक दुपार लागते, लागू द्या.

तिथेच 'अनडू चेंजेस' नावाचा पर्याय आहे. तो पूर्ण यादी मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या दिवशी जशी होती तशी करून देतो. मोह होईल, पण त्या दिवसानंतर टाकलेले नवे नंबरही त्यात जातात. तो शेवटचा उपाय समजा.

सिमवर नंबर ठेवण्याची सवय मात्र सोडा. आपल्याकडे अजूनही 'सिमवर सेव्ह कर म्हणजे सुरक्षित' असं सांगणारे आहेत. सिममध्ये साधारण २५० नंबरांची जागा असते, एका नावाला एकच नंबर, आणि नावाची जागा तर फारच तोकडी. त्यात आपण मराठीत नाव लिहिलं की आणखी अडचण. इंग्रजी अक्षराला जेवढी जागा लागते त्याच्या दुप्पट देवनागरी चिन्हाला लागते, आणि काना, वेलांटी, मात्रा वेगवेगळ्या मोजल्या जातात. 'शिवाजीमामा कोरेगाव' सिमवर गेले की परत येताना नुसते 'शिवाजी' होतात. मग यादीत चार शिवाजी, आणि फोन लावल्यावर कळतं कोण ते. अशी तुटकी नावं यादीत दिसली तर ती सिमवरून आली असं खुशाल समजा आणि तीच आधी काढा. काढण्याआधी यादीतल्या सेटिंगमध्ये 'कुठले कॉन्टॅक्ट दाखवू' याला फक्त गूगल अकाउंट निवडून बघा. सगळे महत्त्वाचे नंबर त्यात दिसत असतील तर सिमवरचे बिनधास्त पुसा.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. दुकान नवं होतं, फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून सिंक करण्याचे दिवस. दूध संकलन करणारे एक काका आले, चारेकशे शेतकऱ्यांचे नंबर फोनमध्ये. मी केबल लावली, सॉफ्टवेअरने विचारलं की दोन्ही बाजूंत फरक आहे, कुठली ठेवू? घाईत मी कॉम्प्युटरची बाजू निवडली. कॉम्प्युटरची यादी कोरी होती. अर्ध्या मिनिटात काकांचा फोनही कोरा झाला. पुढचे दोन दिवस त्यांच्या डेअरीच्या रजिस्टरवरून मी एकेक नंबर हाताने भरत होतो. तेव्हापासून माझा नियम: दोन बाजू जोडताना कोरी बाजू कुठली आहे ते आधी बघायचं, कारण कोरी बाजू जिंकू शकते. त्या सॉफ्टवेअरने निदान विचारलं तरी होतं. आताचे अ‍ॅप बहुतेक वेळा विचारत नाहीत, शेवटचा बदल कुणी केला ते बघून आपलं आपण ठरवतात.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये हीच कोरी बाजू दबा धरून बसलेली असते. तुम्ही त्याचं विचारलं नाहीत, पण फोन बदललाय म्हणून सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपचं गूगल अकाउंटवर जे जातं ते सिंक नाही, तो बॅकअप आहे आणि तिथे फक्त शेवटचाच ठेवला जातो. नव्या फोनवर घाईत 'रिस्टोअर' ऐवजी 'स्किप' दाबलं आणि रात्री त्या कोऱ्या फोनने स्वतःचा बॅकअप घेतला, तर जुना त्याच्याखाली गेला. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावायची सोय २०२१ पासून आहे, चांगली आहे, पण तो पासवर्ड आणि फोन दोन्ही गेले तर कंपनीलाही तो बॅकअप उघडता येत नाही. लावलात तर वहीत लिहून ठेवा.

मग सिंक चालू ठेवायचं की बंद? चालूच ठेवा. बंद केलंत तर फोन रिक्षात विसरला त्या दिवशी माझ्याकडे याल आणि मला काही करता येणार नाही. पण दोन गोष्टी तपासा. पहिली, ते खरंच चालू आहे का. गूगल फोटोजचा बॅकअप वायफायवरच जातो, मोबाइल डेटा वापरायची परवानगी आपण वेगळी द्यावी लागते. ज्यांच्या घरी वायफाय नाही, त्यांच्या फोनवर 'वायफायची वाट पाहत आहे' असं लिहून महिनोन्महिने काहीच जात नाही. सेटिंगमध्ये मोबाइल डेटाची परवानगी देता येते आणि रोजची मर्यादाही घालता येते. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असेल तर मी व्हिडिओ वगळून फक्त फोटो जाऊ द्या म्हणतो, कारण मिनिटभराचा व्हिडिओ सहज शंभर एमबी खातो. काही फोन बॅटरी वाचवण्याच्या नादात मागे चाललेली अ‍ॅप मारून टाकतात, त्यानेही बॅकअप अडतो. म्हणून बॅकअप 'चालू' लिहिलंय का ते बघू नका, शेवटचा कधी झाला ती तारीख बघा.

दुसरी गोष्ट जागेची. गूगल फुकट देतं ते १५ जीबी, आणि त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळे भागीदार. १ जून २०२१ पूर्वी ठरावीक दर्जाचे फोटो त्यात मोजले जात नव्हते, तेव्हापासून मोजले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही २०२४ च्या सुरुवातीपासून यातच धरला जाऊ लागला. फोटो सरासरी तीन एमबीचा धरला तर १५ जीबीत पाच हजार फोटो, तेही मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप शून्य धरून. एका लग्नसराईत एवढे होतात. डबा भरला की फोटोंचा बॅकअप थांबतो आणि मेल येणंही थांबतं. तुमच्या डब्यात तर दोघींची भर पडत होती. आयक्लाउडवाल्यांना फुकट फक्त ५ जीबी मिळतात, ते तर पहिल्याच सहलीत संपतात.

यावर लोक एक युक्ती करतात, फक्त फोटोंसाठी दुसरं अकाउंट काढतात. वाईट नाही, पण ते काढून विसरतात. दोन वर्षं ज्या अकाउंटला कुणी हात लावला नाही ते गूगल पुसून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून तसं सुरू झालंय. त्यापेक्षा मी लोकांना फोटोचा दर्जा 'स्टोरेज सेव्हर' ठेवायला सांगतो. तो फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत खाली आणतो. घरच्या फोटोंना आणि अल्बमसाठी प्रिंट काढायला एवढं पुरतं. धंद्यासाठी फोटो काढत असाल तर वेगळं, मग जागा विकत घ्या.

आणि जे फोटो गेले तर भरून येणार नाहीत, त्यांची एक नक्कल सिंकच्या बाहेर हवीच. वर्षातून एकदा लॅपटॉपवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि केबल काढून कपाटात ठेवा. गूगल टेकआउटमधून सगळं एकदम मागवता येतं, मात्र डाउनलोडची लिंक काही दिवसच चालते आणि फोटोंची माहिती बरोबरच्या छोट्या छोट्या फाइलींमध्ये वेगळी येते. त्या कचरा समजून टाकू नका. बारसं, लग्न, आजोबांचा शेवटचा वाढदिवस एवढंच वेचून ठेवलंत तरी पुष्कळ.

आता मुख्य काम, दोन फोन वेगळे करणं. सासूबाईंना त्यांचं स्वतःचं गूगल अकाउंट काढून द्या. पासवर्ड विसरला तर परत मिळवण्यासाठी म्हणून तुमचा नंबर लावा आणि पासवर्ड त्यांच्या पोथीत चिठ्ठी करून ठेवा. ते अकाउंट फोनवर टाकून झालं की सेटिंगमधून तुमचं अकाउंट काढा. हे फोटो-नंबरांपुरतं नाही. तुमच्या अकाउंटबरोबर तुमचे मेल आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्डही त्या फोनवर बसलेत. सासूबाई काही करणार नाहीत, पण तो फोन उद्या भाच्याकडे जाईल किंवा एक्स्चेंजमध्ये जाईल. तुम्ही ओटीपीसाठी गूगल ऑथेंटिकेटर वापरत असाल तर त्यातले कोड नव्या फोनवर आले आहेत का ते अकाउंट काढण्याआधी बघा. एप्रिल २०२३ पासून ते अकाउंटबरोबर सिंक होऊ शकतात, पण ती सोय तुम्ही चालू केली असेल तरच.

पुढे कधी तो फोन रीसेट करायची वेळ आली तरी आधी अकाउंट काढायचं, मग रीसेट. बटणं दाबून परस्पर रीसेट केलेला फोन पुन्हा सुरू होताना जुन्या अकाउंटचा पासवर्ड मागतो. असे अडकलेले फोन घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मी त्यांना मूळ मालकाकडे पाठवतो.

हातातल्या घड्याळाचं तुम्ही शेवटी विचारलंय. साधे फिटनेस बँड क्लाउडशी थेट बोलत नाहीत. ते ब्लूटूथने फोनमधल्या अ‍ॅपला सांगतात आणि अ‍ॅप पुढे पाठवतं. जुन्या फोनवर तो अ‍ॅप अजून जोडलेला असेल तर बँड नव्याला दाद देत नाही. जुन्यावरून 'अनपेअर' करा, मग नव्यावर त्याच लॉगिनने जोडा. मागची पावलं कंपनीच्या खात्यात पोचली असतील तर परत दिसतील.

तुमचं अकाउंट जुन्या फोनवरून काढण्याआधी एक गोष्ट मात्र करा. गेले काही महिने सासूबाईंनी काढलेले फोटो तुमच्या अकाउंटमध्ये जाऊन बसले असतील. नव्या फोनवर मागे जाऊन बघा, आळंदीची सहल किंवा भजनी मंडळाचा वाढदिवस सापडेल. तुमच्या हिशोबाने तो पसारा असेल आणि १५ जीबीतून काढावासा वाटेल. पण त्यांच्या फोनवर 'जागा मोकळी करा' झालं असेल तर त्या फोटोंची अस्सल आता तुमच्याचकडे आहे. ते आधी त्यांच्या नव्या अकाउंटला शेअर करा आणि त्यांच्याकडे 'सेव्ह' झालेत याची खात्री करा. शालनबाईंचा आणि मंडळातल्या बाकीच्यांचा नंबरही तिकडे पोचवा. मग अकाउंट काढा, आणि तुमच्याकडून काही डिलीट करायचं ते त्यानंतर.